पिल्लाच्या रडण्याला कोण आलं

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी मर्ल शेजारच्या क्लेटकडे ट्रकच्या बॅटरीच्या वायरी परत द्यायला गेला. तुम्ही पोरं मर्लला ओळखता. वरच्या खिंडीत एकटा राहतो, दुकानात कुणाशी बोलत नाही, तोच. वायरी द्यायच्या आणि घरी यायचं, एवढंच काम होतं.

क्लेट मेंढवाड्याच्या दारात उभा होता. "या कायोटी कोल्ह्यांनी काल दोन कोकरं नेली माझी. तुझी ती जनावरांचे आवाज काढायची लाकडी शिट्टी घे आणि चल."

"मी सोडलंय ते."

"आर्लीनची मनाई फक्त पिल्लाच्या रडण्याला होती. आता ती..." क्लेटनं जीभ चावली. "चल रे म्हाताऱ्या. माझ्या शिट्टीला माझं कुत्रंसुद्धा येत नाही!"

आर्लीन म्हणजे मर्लची बायको. त्या हिवाळ्याआधीच्या पानगळीत वारली. त्यांचं एकुलतं पोर फार वर्षांपूर्वी पाळण्यातच दगावलं होतं. मर्ल शिट्टीतून सशाचा आवाज काढो, हरणाचा काढो, ती काही बोलायची नाही. पिल्लाचं रडणं मात्र तिनं कधी काढू दिलं नाही. "कुणाच्या आईला असं फसवू नकोस," म्हणायची.

आणि शिकारीच्या स्पर्धेत आपली शूर मंडळी नेमकं तेच करतात. एका कायोटीला पाडायचं, आणि जागचं न हलता लगेच घायाळ पिल्लासारखं रडायचं. जोडीदार जिवावर उदार होऊन परत येतो. मग त्यालाही पाडायचं. वर पटांगणात मढी तोलून बक्षिसं वाटायची. याला खेळ म्हणतात! तुम्हीही टाळ्या वाजवून आलात ना परवा? असो.

रात्री दहाच्या सुमारास दोघं डोंगरावरच्या झाडीत बसले. मर्ल एका काळ्या खडकावर, क्लेट बंदूक घेऊन जरा खाली. गुडघाभर बर्फ, वर चांदणं. मर्लनं सशाची किंकाळी काढली. थोड्या वेळानं एक कायोटी मादी दबकत आली. क्लेटनं तिला एका गोळीत पाडलं.

"आता पिल्लू काढ," तो कुजबुजला. "नर येईल."

"नको."

"अरे, उद्या तो उरलेली कोकरं नेईल! रड की लेका!"

मर्लनं शिट्टी ओठांत धरली. नको म्हणणारी तर आता घरात नव्हती.

तो रडला.

वर फांदी हलली. बर्फ सांडला.

आला तो प्राणी नव्हता. बाई होती. अनवाणी. अंगात घरातला झगा. मान कलती करून... ऐकत होती. मर्लकडे तिचं लक्षच नव्हतं. ती या खोडाशी वाकायची. त्या खोडाशी वाकायची. काहीतरी शोधत होती.

आर्लीन.

मर्लचा श्वास अडला. आवाज तुटला. तशी ती थबकली... मागं वळू लागली.

त्यानं घाईघाईनं शिट्टी फुंकली.

ती लगबगीनं पुढं आली. हात पसरलेले. चेहऱ्यावर असा आनंद, की तो त्यानं तरुणपणी एकदाच पाहिला होता. आणखी जवळ... आणखी...

खाली खटका वाजला. क्लेट नेम धरत होता.

वाजवत राहावं तर गोळी. थांबावं तर ती जाणार. आणि ती इतकी जवळ होती, की हात धरता आला असता.

मर्लनं शिट्टी तोंडातून काढली.

"आर्लीन... इथं बाळ नाही गं. मीच आहे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

मग... तिथं कुणी नव्हतं.

"ओरडलास कशाला शहाण्या?" क्लेट धापा टाकत वर आला. "चांगला धिप्पाड नर होता! पार तुझ्या पायाशी आला होता!"

मर्लनं शिट्टी खिशात घातली.

नराचे ठसे बघायला क्लेटनं विजेरी खाली फिरवली. आणि उजेड खडकावरच थांबला.

ती थांबली होती तिथंच, खडकावर पांढरे थेंब होते. बर्फ नव्हे. त्यांतून अजून वाफ निघत होती. क्लेटनं हातमोजा काढला, एका थेंबाला बोट लावलं, हुंगलं. मेंढ्यांत जन्म गेलेला माणूस तो. त्याला ओळखायला वेळ लागणार होता थोडाच?

"दूध आहे," तो म्हणाला.