व्हायोलाची ओळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, नंतर जमणार नाही. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्यांच्यावर बेतली त्या मास्तरांचा पियानो मी तीस वर्षं सुरात लावत होतो.

त्या दिवशी मास्तर खोडरबर आणायला बाहेर पडले होते. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार, संध्याकाळचे सात. दुकानदार म्हणाला, "मास्तर, तुम्ही लिहिता कमी, खोडता जास्त." खोटं नव्हतं ते. मास्तरांचं कामच तसं. अख्ख्या वाद्यवृंदाची सिंफनी घ्यायची आणि ऐंशी वाद्यांचा संसार एका पियानोच्या दहा बोटांत बसवायचा. बसत नाही ते खोडायचं. त्यात पहिली कुऱ्हाड व्हायोलावर. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जाड आवाजाची, सदा मधल्या सुरांत. असते तोवर कुणाचं लक्ष नसतं.

मास्तरांची बायको वाद्यवृंदात व्हायोलाच वाजवायची. नवे कागद बघून दर वेळी चिडवायची, "अहो, संसार माझ्याशी, आणि कागदावरून हकालपट्टीही माझीच?" दोघं हसायची. शेवटच्या दुखण्यात मात्र ती हसली नाही. म्हणाली, "मी शेवटची वाजवली ती सिंफनी पियानोसाठी लिहाल ना, तिच्यात एकदा तरी मला ठेवा." मास्तरांनी शब्द दिला.

ती गेली. घर खायला उठायचं. तीन वर्षं त्यांनी त्या सिंफनीला हात लावला नाही, चौथ्या वर्षी बसले. सगळं जमलं, दुसऱ्या भागात अडलं. डावा हात खाली गुंतलेला, उजवा वर, आणि तिची ओळ बरोबर मधे. तिसरा हात कुठून आणायचा? प्रकाशकाला सकाळी कागद द्यायचे होते. रात्री अकराला मास्तरांनी काळजावर दगड ठेवला आणि नव्या खोडरबरानं तिची दीड पानं खोडली. मग टेबलावर डोकं ठेवून लेकरासारखे रडले.

अकरा चाळीसला एकदा वाजवून बघायला बसले. दुसरा भाग. तिची जागा आली. डावा हात खाली. उजवा वर. आणि मधे...

मधे वाजत होतं.

पट्ट्या आपोआप दबत होत्या. एकेक. सावकाश. सूर सोडताना जरा रेंगाळत... तिची सवय.

मास्तरांनी दोन्ही हात उचलले.

ओळ चालूच.

"तू...?"

...

"बोटं पुरली नाहीत गं."

शेवटची पट्टी खाली गेली. बराच वेळ वर आली नाही. मग आली... हळूच.

सकाळी मी पियानो लावायला गेलो. मास्तर रात्रीच्याच कपड्यांत तिथे बसलेले. रात्रीचं सगळं त्यांनी पुढे सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणाले, "पट्ट्या पुसू नकोस."

मधल्या पाच काळ्या पट्ट्यांवर पांढरी पूड होती. मला वाटलं, खोडरबराचा कीस. बोटावर घेतली तर चिकट. व्हायोलाच्या गजाला राळ लावतात ना, वाजवताना तिची पूड झडते, ती. तिचं वाद्य, गज, राळेचा शेवटचा तुकडा, सगळं तिच्या विद्यार्थिनीला देऊन चार वर्षं होत आली होती.

मी पुसली नाही. वासही घेऊन पाहिला... ताजी होती.