गाळलेलं नाव

ग्रंथालयातल्या प्रिंटरनं घोळ घातला नसता, तर हे जमलंच नसतं! उत्कर्षाच्या प्रबंधाची पानं शेजारच्या नंदीशच्या पानांत मिसळली. इतिहासाचा हा संशोधक ती वेगळी करता करता वाचतच बसला आणि हसला. गालावर खळी... उत्कर्षाला राग यायला हवा होता, मेला आलाच नाही.

"चोरीबिरी केली नाही ना?" त्यानं विचारलं.

"संगणकावर तपासणी झालीय. चोरीची एक ओळही सापडली नाही," ती ऐटीत म्हणाली. कुंभारी गावच्या विडीकामगार बायकांचे उखाणे, हा तिचा विषय. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता.

त्याचं बोट एका उखाण्यावर थांबलं.

सुपात पानं, बोटांत तंबाखूचा तोल,
– – – च्या हाकेला सोन्याचं मोल.

खाली छापलं होतं : पारंपरिक.

"इथं सिद्रामप्पा होतं की," तो हळूच म्हणाला. "माझे वडील. आईनं लग्नात स्वतः जुळवलाय हा."

उत्कर्षाचा चेहरा खर्रकन उतरला. उखाणा सगळ्यांचाच, असं धरून तिनं सगळीकडे नावं गाळली होती. पुस्तकातली चोरी यंत्राला कळते, पण ही कशी कळावी? विचारल्याशिवाय आता एक ओळ छापणार नाही, असं तिनं सांगून टाकलं. बाकीच्या बायकांनाही विचारायचं म्हणजे सोमवार हुकणार. हुकू दे! नंदीश तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवरून ती कुंभारीला गेली. नंदीशच्या आईनं, केराबाईंनी तिला लगेच ओळखलं. उत्कर्षानं माफी मागितली, तशी त्यांनी विड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"कुणी जुळवला, हे तू इचारलंच न्हाईस की," त्या म्हणाल्या. "माजं नाव टाक. अन् त्यांचंबी टाक. ते गेल्यापास्नं मला कुणी नाव घ्या म्हणत न्हाय बघ. तुज्या पुस्तकात तरी ऱ्हाऊ दे."

उत्कर्षाचे डोळे भरून आले. केराबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या म्हणाल्या, आता तू एक उखाणा घे.

ती लाजली. मग दाराशी उभ्या नंदीशकडे न बघता म्हणाली,

"कपाटभर पुस्तकांत शोधले आधार,
... रावांनी दाखवली चूक, मानते आभार."

"पुन्हा नाव गाळलंत," नंदीश म्हणाला.

"विचारल्याशिवाय कसं घेऊ?" तिनं आता वर पाहिलं.

"घ्या की..."

केराबाईंनी सूप मांडीवर ओढलं आणि त्या खाली मान घालून हसू लागल्या.