भिंतीपलीकडचा सामना

सामना दुपारी चारचा होता, पण आई दुपारची भांडी तशीच टाकून टीव्हीसमोर येऊन बसली होती. मांडीवर सुपात संत्री. आमच्या घरात सामना सुरू असताना कुणी जागा बदलत नाही. आई दिवाणावर, खिडकीच्या बाजूला. मी खुर्चीत, पाठ भिंतीला. मी वर्ध्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या माझ्या खुर्चीचा आसामातल्या चेंडूशी काडीचा संबंध नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी खुर्ची हलवायची माझी छाती होत नाही.

आसामात आमचा अशू खेळत होता. अश्वजित, माझा धाकटा भाऊ. देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या फुटबॉल लीगमध्ये उजव्या बाजूला खेळतो, अठरा नंबरचा शर्ट घालून. पगार माझ्याहून फार नाही, पण तो टीव्हीवर दिसतो आणि मी दिसत नाही, म्हणून कॉलनीत मला कुणी सर म्हणत नाही, अशूचा भाऊ म्हणतात. मला त्याचा फार अभिमान आहे. त्याच्या तोंडावर मात्र मी त्याला नेहमी आळशीच म्हणत आलो.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर या मोसमातले आतापर्यंतचे सगळे सामने त्यानं बाकावर बसून काढले होते. आज पहिल्यांदा अकरा जणांत त्याचं नाव होतं. करार याच मोसमात संपणार होता. पाय शेवटपर्यंत टिकला तर पुढची दोन वर्षं पक्की, नाहीतर घरी येऊन एखाद्या शाळेत खेळाचा मास्तर. माझं मागणं एवढंच होतं, की कोचनं त्याला शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर ठेवावं.

सुरुवात वाईट झाली. आमचा डावा बॅक पायात चेंडू आला की विंचू झटकावा तसा झटकत होता. पुढचा उंच गडी, ज्याला म्हणे परदेशातून आणलंय, त्यानं रिकाम्या गोलवरून चेंडू मारला आणि मग जमिनीकडे रागानं बघत उभा राहिला. नाचता येईना, अंगण वाकडं. अशू मात्र धावत होता. गुडघ्याला काळी पट्टी, बाह्या दुमडलेल्या. समोरच्याला दोनदा चकवून गेला तेव्हा आई हळूच म्हणाली, की बारीक झाला पोरगा.

तेवढ्यात माझ्या पाठीमागच्या भिंतीतून आवाज आला. “गेला बे, गेला. कोपऱ्यातून गेला.”

टीव्हीवर चेंडू मैदानाच्या मध्यावर होता. मी आईला सांगितलं, आता गोल होणार. ती म्हणाली, तुह्या तोंडात साखर पडो, आणि संत्रं सोलायला घेतलं. ते सोलून झालं, शिरा काढून झाल्या, अर्ध्या फोडी मला दिल्या, उरलेल्या तिनं खाल्ल्या. मग अशूनं उजवीकडून चेंडू आत घातला आणि उंच गड्यानं डोकं लावलं. चेंडू कोपऱ्यातून आत गेला.

आवाज अण्णाजींचा होता. अण्णाजी दिवाळीच्या आधी वारले.

अण्णाजी भोयर म्हणजे आर्वी डेपोचे निवृत्त कंडक्टर. त्यांचं घर आणि आमचं घर जोडून, मधे एकच भिंत, विटेची आणि पातळ. त्यांना एक मुलगी, छाया, ती लग्न होऊन हिंगणघाटला. मुलगा नव्हता, म्हणून की काय, त्यांनी आमच्या अशूला जीव लावला. नागपूरच्या निवड चाचण्यांना त्याला तेच घेऊन जायचे. येताना बसमध्ये पोरगा त्यांच्या खांद्यावर झोपलेला असायचा. अशू नोकरीसारखा फुटबॉल खेळायला लागला तेव्हा अण्णाजींनी मोठा टीव्ही घेतला, केबल घेतली आणि आपल्या खुर्चीतून सगळ्या कोचांना अक्कल शिकवायला सुरुवात केली.

आमच्याकडे टीव्ही इंटरनेटवर चालतो. इंटरनेटवरचं चित्र केबलच्या मागे असतं. त्यामुळे गोल आम्हाला दिसायच्या आधी अण्णाजींची आरोळी ऐकू यायची आणि सगळी मजा जायची. मी त्यांच्याशी यावरून किती भांडलो. ते म्हणायचे, मी माह्या घरात बोंबलतो, तू कान बंद कर.

ते गेले. छायाताईनं टीव्ही, कपाट, भांडी, सगळं नेलं आणि किल्ली आमच्याकडे ठेवली. तेराव्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात भिंतीतून आरोळी आली, आणि पाठोपाठ आमच्या टीव्हीवर गोल झाला. मला वाटलं, छायाताई आली असेल. बाहेर जाऊन पाहिलं तर कुलूप होतं. पुढच्या सामन्याला मी किल्ली घेऊन आत गेलो. रिकामी खोली, फरशीवर धूळ, भिंतीवर टीव्हीच्या जागी फिकट चौकोन. आत चिटपाखरू नव्हतं. आमच्याच टीव्हीचा आवाज भिंतीतून येत होता, तेवढाच. खोली इतके दिवस बंद होती तरी थंड वाटत नव्हती, याचं मला जरा नवल वाटलं. मी परत येऊन खुर्चीत बसलो आणि पाठीमागे अण्णाजी खाकरले.

आवाज पलीकडच्या गल्लीतून येत असेल, भिंत तो उचलत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण दर सामन्याला ते आवाज आणखी आधी यायला लागले. सुरुवातीला एका श्वासाइतके आधी. मग चहाचा कप खाली ठेवीपर्यंत. मग मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन परत येईपर्यंत. एकदा आरोळी ऐकल्यावर मी आमच्या कॉलेजच्या नीलेशला फोन केला. त्याच्याकडे डिशची छत्री आहे, त्याचं चित्र आमच्या पुढे असतं. विचारलं, गोल झाला का? तो म्हणाला, नाही बुवा, कुठे काय. आम्ही बोलत असतानाच त्याच्याकडे गोल झाला. त्यानंतर मला सिग्नलच्या भाषेत विचार करता येईना. जे घडायचंय ते आधी दाखवणारी केबल अजून कुणी ओढलेली नाही.

तरी मी कुणाला बोललो नाही. आईलाही नाही; दिवाणावर तिला ते ऐकू येत नसावं. भीती वाटली म्हणून नव्हे, उलट मला ते आवडायला लागलं होतं. चाहत्याची जात लबाड असते. आपल्याला आधी कळतंय याचा मला माज आला होता, आणि बोललो तर नजर लागेल, गोल थांबतील, असंही वाटायचं. शिवाय म्हातारा अजून अशूच्या टीमचा सामना बघतो, यात वाईट काय, असं मी मनाशी म्हणायचो.

मध्यंतराला आम्ही एका गोलनं पुढे होतो. आईनं चहा केला. खिडकीतून ऊन तिरपं होऊन दिवाणावर आलं होतं. बाहेर कुणीतरी कापसाचे बोंद्रे, मोठाली गाठोडी, भरलेला छोटा हत्ती टेम्पो सुरू करत होता आणि तो सुरू होत नव्हता.

उत्तरार्धात अशू आणखी खुलला. दोन गड्यांच्या मधून निघाला आणि समालोचकानं त्याचं नाव घेतलं, चुकीच्या उच्चारात, पण घेतलं. मी मांडीवर थाप मारली. अठरा नंबर, असंच. राहू द्या त्याला आता, हात लावू नका. तो पाय बघा कसा पडतोय.

“बसव त्याले,” भिंत म्हणाली.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल असेल. डाव्या बॅकला बसवायला हवंच होतं.

“बसव ना बे अशूले. बाहेर घे त्याले. दिसून नाई राह्यलं काय तुले?”

मला राग आला. अण्णाजींनी अशूला बाहेर काढा असं जन्मात म्हटलं नव्हतं. अंगात ताप घेऊन खेळला होता तेव्हासुद्धा नाही. म्हाताऱ्याचं मेल्यावर डोकं फिरलं की काय, असं माझ्या मनात आलं. टीव्हीवर अशू हसत होता. थ्रो घेणाऱ्याला हातानं काहीतरी खुणावत होता.

आईनं सुपातून नवीन संत्रं उचललं आणि अंगठ्याच्या नखानं देठाजवळ चीर दिली.

मग अण्णाजी आणखी हळू बोलले. लहान मुलाला उठवतात तसे.

“उठ बाबू. उठ ना. ऐ अशू, उठ.”

मी वाट पाहिली. पाठ भिंतीला टेकलेलीच होती. शर्टाखाली विटा थंड लागत होत्या. पलीकडे त्यांच्या टीव्हीची गर्दी ओरडत होती, ती ओरडता ओरडता बसत गेली. इतक्या माणसांचं गप्प होणं मी कधी ऐकलं नव्हतं. मग पलीकडचा टीव्ही कुणीतरी बंद केला.

आमच्या टीव्हीवर अशू धावत होता.

हातात किती वेळ आहे हे मला माहीत होतं. एक संत्रं. फार तर त्याहून थोडा जास्त. मी मोबाइल घेतला. अशूचा फोन बंद, सामन्याला त्यांचे फोन काढून घेतात. टीमच्या डॉक्टरचा नंबर अशूनं ऑपरेशनच्या वेळी दिला होता. तो लावला. रिंग जात होती. टीव्हीवर बाकाच्या टोकाला डॉक्टर मांडीवर बॅग घेऊन बसलेला दिसत होता, आणि फोन त्या बॅगेत असावा, कारण त्यानं खाली पाहिलंसुद्धा नाही. क्लबच्या ऑफिसला लावला. तिथे एक मुलगी हिंदीत म्हणाली, सर, मॅच चालू है. मी म्हटलं, माझ्या भावाला बाहेर काढा, अठरा नंबर. ती म्हणाली, काय झालं? काय सांगणार होतो, भिंत म्हणते म्हणून? तिनं फोन ठेवला. हा कुणी सट्टेवाला असेल असंच तिला वाटलं असणार.

आणि जे मी बघत होतो तेही मागचंच होतं. खरं मैदान आमच्या टीव्हीच्या थोडं पुढे गेलेलं होतं.

“काऊन उभा राह्यला?” आईनं विचारलं. “बस जागेवर. चांगलं चालू हाये नं.”

मी बसलो.

तेव्हा बाकावर हालचाल झाली. दोन पोरं ट्रॅकसूट काढत होती. चौथा पंच पाटी घेऊन रेषेपाशी आला. मी आयुष्यात एवढ्या कळवळून काही मागितलेलं नाही. अठरा. अठरा दाखव. करार गेला खड्ड्यात, घरी येऊ दे, शाळेत मास्तर होऊ दे, दिवाणावर लोळून मला शिव्या देऊ दे. अठरा दाखव. अशूही पाटीकडे बघत होता. पायातले मोजे वर ओढत, तोंड पडलेलं. त्यालाही वाटत होतं की आपलाच नंबर.

पाटी वर झाली. सात. मग पुन्हा वर झाली. तीन. डावा बॅक टाळ्या वाजवत बाहेर निघाला.

अशूनं आकाशाकडे बघून मोठा श्वास सोडला. कॅमेरा जवळ गेला, त्याचा मोकळा झालेला चेहरा सगळ्या टीव्हीभर आला. आई हसली.

“नाई काढलं,” ती म्हणाली. “खेळते अखिन माहा पोरगा.”

समालोचक म्हणाला, हे शेवटचे दोन बदल, आता बदली गडी उतरवता येणार नाही.

आईनं संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती धरून बसलो.

आमच्या टीमला कॉर्नर मिळाला. तो अशूच घेतो. तो चेंडू उचलून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे चालत निघाला. प्रेक्षकांकडे बघून त्यानं दोन्ही हात वर केले, ओरडा म्हणून. ते ओरडले.

पाठीमागे, भिंतीपलीकडे, लोखंडी खुर्ची फरशीवरून ओढली गेली.

“ये,” अण्णाजी म्हणाले. “बूट काढून ये. बस इथी.”

कुणीतरी बसलं. धापा टाकत होतं.

मी टीव्हीवरून नजर काढली नाही. अशूनं चेंडू खाली ठेवला, तो नीट फिरवला, दोन पावलं मागे गेला.

भिंतीपलीकडे अशूचा आवाज म्हणाला, की फार तहान लागली.

आईचे हात थांबले. तिनं मान वळवली. टीव्हीकडे नाही, भिंतीकडे. मग मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर हात देऊन ती दिवाणावरून उठली.

“अशू कधी आला रे?” ती म्हणाली. “थांब, पाणी नेऊन देतो त्याले.”