पहिली बकरी वाघाची

दोन हजार तीन साली मी कारेगावात पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहायला आलो, अजून तिथंच आहे. कंपनीत पहिली पाळी, साडेतीनला सुटका. बायको नाही, मित्र नाहीत. एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्यावर मी वाघ-बकरी खेळणारा प्रोग्रॅम लिहीत होतो. हसू नका. एकट्या माणसाला रिकाम्या वेळी दारू तरी लागते, नाहीतर असलं काहीतरी.

पटावर चार वाघ, वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्यांनी त्याला कोंडायचं. हा खेळ मला आण्णांनी, माझ्या वडिलांनी, केंदूरच्या माळावर मेंढरं राखताना दगडावर रेघा ओढून शिकवला होता. त्यांची एक खोड होती. पहिली बकरी ते मुद्दाम वाघाच्या तोंडी देत. "पयली त्याची," म्हणत, "मग डाव आपला."

प्रोग्रॅम भलताच संथ. प्रत्येक चालीतून फुटणाऱ्या साऱ्या शक्यता तपासत बसायचा, एका चालीला चाळीस सेकंद. शेवटी मी त्याला बजावलं, जिच्यात बकरी मरते ती चाल बघायचीच नाही. चाळीसाचे दोन सेकंद झाले. आणि बकऱ्या हरेनातच.

आण्णा चार दिवस राहायला आले, तेव्हा मोठ्या कौतुकानं दाखवलं.

"पयली कुठं हाय?"

"काढून टाकली. त्यानंच तर वेग आला, आण्णा."

त्यांनी पडद्यावरच्या वाघावर बोट ठेवलं. "हणमा, वाघाला उपाशी ठिवू नगं. उपाशी वाघ माग काढतो... वास लागंल तिथं जातो."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पिशवी घेऊन केंदूरला निघाले. आई गेल्यापासून तेही एकटे, मीही एकटा. तरी मी 'थांबा' म्हणालो नाही.

कामावर जाताना मी कॉम्प्युटर चालूच ठेवायचो. दोन्ही बाजूंनी तोच खेळायचा आणि डावांची नोंद करायचा. घरी येऊन बघावं, तर प्रत्येक डावापुढं खाल्लेल्या बकऱ्या शून्य. तीन आठवडे नुसती शून्यं. खोलीत मात्र वास येऊ लागला. ओल्या लोकरीचा, आणि त्याखाली दुसराच एक... उग्र, जनावराचा. उंदीर मेला असेल म्हणून खाट सरकवली. काही नव्हतं.

एका मंगळवारी परतलो, तर डाव मध्येच थांबलेला. वेळ, अकरा वाजून दहा मिनिटं. खाल्लेल्या बकऱ्या, एक. पटावरच्या मोजल्या. वीस. बोट ठेवून पुन्हा मोजल्या. वीसच होत्या.

दारात घरमालकीण सोजरबाई येऊन उभ्या होत्या.

"हणमंतराव... आत्ताच केंदूरवरनं फोन आला. तुमचं आण्णा गेलं."

"कवा?"

"अकराच्या सुमाराला. मेंढरांच्या रिकाम्या गोठ्यात घावलं. कोपऱ्यात अंग चोरून बसल्यालं... अंगावर ओरखडाबी न्हाई म्हणं."

तेरावं उरकून आलो आणि आधी बकरी मरणारी चाल वगळायचा तो नियम काढला. पहिली बकरी वाघापुढं ठेवायची, हे प्रोग्रॅममध्ये पुन्हा लिहिलं. चाल परत चाळीस सेकंदांची झाली. आण्णांसाठी मला एवढंच करायचं होतं. चाळीस सेकंद काय, माझ्याकडं अख्ख्या संध्याकाळी पडून होत्या.

पण वाघ आता ती बकरी खात नाही. आयती पुढ्यात असताना तिला वळसा घालतो. तरी मी रोज ठेवतो. आणि रोज, पहिल्याच चालीला, चारांपैकी एक वाघ पटाच्या खालच्या कडेला येतो, माझ्या खुर्चीच्या बाजूला. बाकीचे तिघं खेळत राहतात. तो तिथून हलत नाही.

परवापासून खोलीत पुन्हा वास येतोय.