चौथ्या टाकीचा आकडा

त्या संध्याकाळी मी बाबांना चहा द्यायला गेले होते, एवढंच. बाबा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहेत. आम्ही केंद्राच्या आवारातच राहतो, त्यामुळे थर्मास घेऊन जायचं काम माझं.

केबिनमध्ये मॅडम बसल्या होत्या. त्या इंजिनीयर. नव्या टाक्या केवढ्या बांधायच्या ते ठरवायला त्या कॉम्प्युटरवर आमच्या केंद्राचं मॉडेल करत होत्या, आणि ते सगळं बाबांच्या रजिस्टरवर उभं राहणार होतं.

"आकडे खोटे निघाले तर टाक्या लहान पडतील," त्या म्हणाल्या. "मग घाण पाणी थेट नदीत."

बाबांचा चेहरा उतरला. का, ते मला माहीत होतं. त्यांना आईला सांगताना मी ऐकलं होतं.

चौथ्या टाकीतला ऑक्सिजन रोज संध्याकाळी सहाला मोजायचा असतो. काम दोघांचं. बाबांचे जोडीदार, ज्यांना मी काका म्हणायचे, ते वर चढायचे. बाबा खिडकीत रजिस्टर उघडून बसायचे. सहाला टाक्यांत हवा सोडणारे ब्लोअर बदलताना दोन मिनिटं सगळं शांत होतं. त्या शांततेत काका वरून आकडा ओरडायचे आणि विचारायचे, "झालं का लिहून?"

गेल्या पावसाळ्यात काका त्या टाकीवरच छातीत कळ येऊन गेले. त्यांना मागेपुढे कोणी नव्हतं. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडेच असायचं. तेव्हापासून बाबांना त्या जिन्यावर पाऊल टाकवत नाही. सहा वाजता ते खिडकीत बसतात आणि मनात येईल तो आकडा लिहितात.

"मॅडम," बाबा म्हणाले, "चौथीचे सात महिन्यांचे आकडे खोटे आहेत. मी वर गेलोच नाही. नोकरी गेली तरी चालेल, पण ते मॉडेलात घालू नका."

मॅडम हसल्याच. "चेष्टा करताय का? प्रत्येक टाकीत मी माझं यंत्र बुडवून ठेवलंय. सात महिन्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. बाकीच्या टाक्यांचं थोडं इकडेतिकडे आहे. चौथीचा एकही आकडा चुकलेला नाही. हवेचा पाइप फुटला, त्या दिवशीचासुद्धा."

बाबांनी रजिस्टर मिटलं. मॅडमचं हसू हळूहळू मावळलं.

"उद्या माझ्यासमोर मोजा," जाताना त्या म्हणाल्या. "तोवर चौथी बाजूला ठेवते."

बाबांनी मीटरची पेटी उचलली. "आज चढून बघतो. तू लिही."

ते गेले आणि मी खिडकीत रजिस्टर उघडून बसले. बाहेर धुकं उतरलं होतं. टाक्यांवरून ओल्या मातीसारखा वास येत होता. सहा वाजले. ब्लोअर थांबले, आणि कान एकदम रिकामे झाले.

"दोन पूर्णांक तीन!"

धुक्यामुळे आवाज घोगरा वाटला. मी लिहिलं.

"झालं का लिहून?"

बाबाही काकांसारखंच विचारतात, असं वाटून मला बरं वाटलं. मोठ्याने ओरडायची मला लाज वाटते, म्हणून नुसती मान हलवली.

तेवढ्यात दार उघडलं. बाबा होते. पेटीची कडी तशीच लागलेली.

"नाही जमलं गं पोरी... पायथ्यापासूनच परत फिरलो." ते खुर्चीत बसले. "येताना मनात आलं, दोन पूर्णांक तीन असेल."

मी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. माझं अक्षर. शाई ओली होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर अजून शांतताच होती.

"झालं का लिहून?"

मी बाबांचा हात घट्ट धरला. ते माझ्यासकट उठले, खिडकीशी गेले, आणि झोपलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलले.

"झालं रे... सात महिने एकट्याने ओढलंस. उद्यापासून मी चढतो, शप्पथ. तू जा आता घरी."

मग लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक, खाली. मग खडीवर.

आमच्या आवारात घर एकच आहे. आई आत एकटी होती, आणि दार तर मी उघडंच टाकून आले होते.