दुसरी मंजुरी

मंगळवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. दादाच्या स्क्रीनवर एक ओळ उमटली.

'नियम सातवा. ज्याचं काम, त्याचं नाव.'

लिहिणारीचं नाव होतं... मुंगी.

मुंगी दोन महिन्यांपूर्वी वारली होती.

मी दैनिकात बातमीदार आहे. दोनदा तपासल्याशिवाय लिहीत नाही. ही ओळ मी शेजारच्या खुर्चीतून स्वतः पाहिली.

दादा, माझा थोरला भाऊ, अंधांना मजकूर वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम सांभाळतो. त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी, फक्त दादाने लिहिलेले नियम पाळावेत. सातवा नावाचा. नववा असा, की दोघांनी वाचून मंजुरी दिल्याशिवाय काहीही जोडायचं नाही.

मुंगीला आम्ही कधी भेटलो नव्हतो. रोज बारीकसारीक दुरुस्त्या पाठवायची, म्हणून ते टोपणनाव. मग आठ महिने खपून तिने प्रोग्रॅमचा अडखळणारा आवाज सुधारला. दादाने 'नियमात बसत नाही' म्हणून काम परत पाठवलं. तीन आठवड्यांनी तेच स्वतःच्या नावाने जोडलं. त्या जोरावर मोठी नोकरी मिळवली.

तिने तीनदा विचारलं होतं, "दादा, माझं नाव?" उत्तर गेलं नाही. मग तिच्या बहिणीचा मेल आला. ती गेल्याचा.

"लिही की तिचं नाव," मी म्हणालो. "एका ओळीचं तर काम आहे."

"आणि नोकरी? चोर म्हणून हाकलतील मला."

"मग हे लिहितंय कोण?"

"बहीण असेल. तू लगेच बातमी नको करूस." त्याने मुंगीचं खातं बंद करून टाकलं.

बुधवारी, चार वाजून दहा मिनिटांनी... पुन्हा तीच ओळ.

या वेळी आवाजही होता. कीबोर्डची बारीक, भरभर टकटक.

आमच्या दोघांचेही हात मांडीवर होते.

मग दादाचं नाव जायला लागलं. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव दिसतं. दादाच्या अकरा वर्षांच्या ओळींसमोर... कोरं.

गुरुवारी त्याच्या ओळखपत्रावर फोटो होता. नाव नव्हतं.

शुक्रवारी वहिनीचा फोन आला. "भावजी, दारावरची पाटी कुणी पुसली हो? माझं नाव तेवढं ठेवलंय."

मी दादासमोर अक्षरशः हात जोडले. "अजून वेळ आहे. लिही."

"मेलेल्या बाईपुढे नाक घासू? जमणार नाही."

आज शनिवार. दुपारी प्रोजेक्टवर एक नवा बदल दिसला. 'प्रमुखाला काढणे.' खाली दोन मंजुऱ्या.

पहिली मुंगीची.

दुसरी... माझी. वेळ चार दहा. त्या वेळी मी बातम्यांच्या बैठकीत होतो. फोन ड्रॉवरमध्ये होता.

माझं तिथे खातं का आहे, तेही सांगतो. मुंगीचं काम स्वतःच्या नावाने जोडताना दादाला नियमापुरता आणखी एक माणूस हवा होता. "बटण दाब रे. वाचत काय बसतोस?" तो म्हणाला.

मी दाबलं होतं.

साडेचारला वहिनीला फोन लावला. "दादा कुठंय?"

"कोण दादा?" ती म्हणाली. "आपण कोण बोलताय? इथे मी एकटीच राहते."

पाच वाजता आणखी एक बदल आला. 'न वाचता मंजुरी देणाऱ्याला काढणे.'

एक मंजुरी मिळालेली आहे. दुसरी अजून यायची आहे.