पिवळ्या शर्टाचा पुरावा

लिफ्ट अडकली ती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आत दोघंच. ती... रोज सकाळी रेडिओवर विज्ञानाच्या बातम्या वाचणारी, आणि तो... पाचव्या मजल्यावरचा नवा दातांचा डॉक्टर.

"घाबरलात?" त्यानं विचारलं.

"छे! कुणी मुद्दाम तर थांबवली नसेल ना, एवढाच विचार करतेय."

तो असा काही हसला की... जाऊ दे! लिफ्ट सुटली, बाईसाहेब मात्र अडकल्या त्या अडकल्याच.

घरी दादा तिला शंकासुर म्हणायचा, ते काही उगाच नाही. दिवसभर नव्या शोधांच्या बातम्या चाळायच्या आणि उरलेल्या वेळात भयंकर भविष्याच्या कादंबऱ्या वाचायच्या, मग दुसरं काय होणार? सध्याच्या कादंबरीत तर सरकारच माणसांच्या जोड्या लावत होतं. प्रियकराच्या कानात बारीकसं यंत्र बसवायचं, प्रेयसीला काय आवडतं ते त्यातून त्याला कळायचं. शेवटी ती ते यंत्र काढून घेते, तर त्याला बोलायला एक शब्द सुचत नाही.

आणि इकडे हे डॉक्टर! भेटले की बिनसाखरेची कॉफी पुढे करणार. अत्तराच्या वासानं तिला शिंका येतात, हे त्यांना ठाऊक. कादंबरीचं शेवटचं पान ती आधी वाचते, हेसुद्धा! तिनं तर यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज..." तो म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे. कानच का? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. हा माणूस आवडायला लागलाय, आणि तोच खरा नसला तर? या विचारानं तिला चक्क रडू यायचं.

पहिला संशय फोनवर. मग तिनं शास्त्रशुद्ध सापळा लावला. खोलीत एकटी असताना फोनला मोठ्यानं सांगितलं, "मला जांभळा रंग प्राणाहून प्रिय आहे!" मग फोन बंद करून जेवणाच्या टेबलावर दुसरं खोटं सोडलं, "पिवळ्या शर्टातले पुरुष काय छान दिसतात, नाही?"

दादाला ठसका लागला. वहिनी गालावर हात ठेवून म्हणाली, "उद्या परत दाढ दाखवायला जायचंय बाई. महिना झाला, बरी म्हणून होत नाही." कुठल्या डॉक्टरकडे जाते ते वहिनी कधी बोलली नव्हती, आणि हिनंही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं. आत तो, पिकल्या केळ्यासारखा पिवळाधमक!

म्हणजे फोन निर्दोष. मग घरातलं कोण? दाढ... अगं बाई! काखेत कळसा नि गावाला वळसा!

"वहिनीची दाढ कशी आहे?" आत शिरत तिनं थंडपणे विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "ती... केव्हाच बरी झाली."

"तरी ती येते?"

"तुम्ही त्यांच्या नणंद, हे त्यांनीच सांगितलं. मग मीच विचारत गेलो. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो, पण तुमच्यासमोर माझंच उघडत नाही हो!"

तिला राग आला, आणि पाठोपाठ भीतीही वाटली. आता याला काही सुचलंच नाही तर?

"आता वहिनी नाही. बोला."

लिफ्ट खाली निघाली. त्यानं शर्टाची कॉलर सैल केली.

"तुम्हाला... मांजरं आवडतात?"

"मुळीच नाही."

"समुद्र?"

"मळमळतं."

"जुनी गाणी?"

"दादा लावतो, मी पळते."

तो घामाघूम झाला. पण त्याच्या प्रत्येक चुकीबरोबर तिच्या मनावरचं ओझं उतरत होतं. इतकं धडधडीत चुकीचं त्याला कोण पढवणार? हे सगळं त्याचं स्वतःचं होतं.

"आणि..." शर्टाचं बटण पिळत तो म्हणाला, "मी?"

दार उघडलं. तिचे गाल तापले होते. ती बाहेर पडली आणि मागे वळली.

"ते वहिनीला विचारा," ती म्हणाली, आणि पिवळी बाही धरून तिनं त्याला बाहेर ओढलं.